नागपूरहून स्वतःच्या गाडीने सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि पचमढी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरून दसरा-दिवाळीचे वेध लागले की ओळखीच्या घरांतून विचारणा सुरू होते. मुलं आहेत, आईबाबा आहेत, गाडी घरची आहे, पचमढीला जायचं आहे, कसं करावं? पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नागपूरहून निघणाऱ्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. प्रवेशशुल्क आणि भाडी बदलत राहतात, म्हणून ती दिलेली नाहीत.

ताडोबा, पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला हाकेच्या अंतरावर असताना एवढ्या लांब सातपुड्याला कशाला जायचं?

डोंगरासाठी. ताडोबाला आणि पेंचला आपण वाघासाठी जातो आणि ते योग्यच आहे. सातपुड्यात मात्र जंगल उभं आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, पचमढी १,०६७ मीटरवर आणि धूपगड सुमारे १,३५० मीटरवर. धूपगड हे साऱ्या सातपुडा रांगेतलं आणि मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच शिखर. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की एकामागे एक निळ्या होत जाणाऱ्या रांगा दिसतात आणि पायाखाली माणूस उतरू शकत नाही अशा घळी असतात. विदर्भाच्या सपाट मुलखात वाढलेल्या मुलाने हे एकदा तरी पाहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दगडही वेगळा आहे. आपल्याकडे, म्हणजे सेमिनरी हिल्सवर किंवा सीताबर्डीच्या टेकडीवर, काळा बसाल्ट दिसतो. पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे, २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. जटाशंकरच्या घळीत किंवा पांडव गुंफांच्या भिंतीवर मुलांना हात फिरवायला सांगा. बोटांना वाळूचे कण लागतात, मधूनच गुळगुळीत गोटे रुतलेले सापडतात आणि वरखाली सरकत गेलेले थर उघड्या डोळ्यांनी दिसतात. हा दगड पावसाचं पाणी मुरवून घेतो आणि वर्षभर झिरपत सोडतो. म्हणूनच आपल्याकडचे नाले कोरडे पडलेले असतात तेव्हाही तिथल्या घळींत ओलावा असतो आणि नेचे हिरवे असतात.

सातपुडा राष्ट्रीय उद्यान म्हणजेच पचमढी का?

नाही, पण दोन्ही एकमेकांना चिकटून आहेत. पचमढी हे पठारावरचं छोटं गाव आणि लष्करी छावणी. त्याच्याभोवती १९८१ मध्ये घोषित झालेलं सातपुडा राष्ट्रीय उद्यान आणि बोरी व पचमढी ही दोन अभयारण्यं. हे सगळं मिळून सातपुडा व्याघ्र प्रकल्प होतो. बोरीचं जंगल १८६५ मध्येच राखीव झालं होतं आणि देशातल्या सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. २०२१ मध्ये हा व्याघ्र प्रकल्प युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आला.

कुटुंबाच्या दृष्टीने उद्यानाला दोन दारं आहेत. वरचं दार पचमढी : कडे, धबधबे, गुहा, देवस्थानं. खालचं दार मढई : सोहागपूरजवळ, तवा धरणाच्या फुगवट्याच्या काठी, जिथून जिप्सीतून जंगलात जातात. नागपूरची बहुतेक मंडळी वरूनच परत फिरतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की दोन्ही दारांनी आत जा. वरून डोंगराचा आकार कळतो आणि खालून त्यात कोण राहतं ते कळतं.

किती दिवस हवेत?

तीन रात्री पचमढीला आणि एक मढईला, हे उत्तम. तेवढी सुट्टी नसेल तर पचमढीच्या दोन रात्री तरी द्याच. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री परत, हा बेत लहान मुलं आणि वडीलधारी सोबत असतील तर करू नका. जाण्यायेण्यातच जीव मेटाकुटीला येतो आणि घाटात अंधारात गाडी हाकायची पाळी येते.

रस्ता कोणता घ्यावा?

नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली, पचमढी. अंतर साधारण २५० किलोमीटर. थांबत-थांबत, चहापाणी करत सात तास धरा.

सावनेरला रस्ते फुटतात, एक पांढुर्णा-बैतूलकडे आणि एक छिंदवाड्याकडे. आपल्याला छिंदवाड्याचा धरायचा आहे. राज्याची हद्द ओलांडली तरी सौंसरपर्यंत मराठी कानावर पडत राहते आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा सोबत करतात. सौंसरजवळ जामसावळीचा हनुमान आहे, निजलेल्या रूपातला. घरात कोणी शनिवार करणारं असेल तर गाडी तिकडे वळणारच आहे, त्यामुळे तो वेळ आधीच हिशेबात धरा.

पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. इथून पुढचा रस्ता मुलांना नद्यांच्या नावांनी समजावून सांगा, फार गंमत येते. कन्हान आणि पेंच या दोन्ही नद्या याच छिंदवाड्याच्या डोंगरांतून निघतात. नागपूरच्या नळाला येणारं पाणी याच दोन नद्यांचं. ते पुढे वैनगंगेतून गोदावरीत आणि बंगालच्या उपसागरात जातं. तामिया ओलांडून मटकुलीला उतरलात की देनवा नदी भेटते आणि तिचं पाणी तवा नदीतून नर्मदेला मिळून अरबी समुद्राकडे निघालेलं असतं. म्हणजे तामियाच्या आसपास कुठेतरी आपण दोन समुद्रांकडचं पाणी वेगळं करणारी जलविभाजक रेषा ओलांडलेली असते. आमच्या घरातल्या पोरांनी हे ऐकल्यावर प्रत्येक पुलावर ‘हे पाणी कुठं जातं?’ विचारायला सुरुवात केली आणि मोबाइल आपोआप बाजूला पडले.

परासियाचा पट्टा कोळसाखाणींचा आहे, तिथे ट्रकांची वर्दळ असते. तामियाला मात्र थांबा. गावाच्या कडेला सार्वजनिक बांधकाम विभागाचं विश्रामगृह आहे, त्याच्या मागे जमीन एकदम संपते आणि दरी सुरू होते. सातपुड्याची पहिली खरी ओळख तिथेच होते. मटकुलीहून डावीकडे पचमढीचा घाट. हा शेवटचा टप्पा फार लांबीचा नाही, पण सगळा वळणांचा आणि साल-सागाच्या जंगलातला.

किती वाजता निघायचं?

साडेपाचला गाडी कोराडी रोडला लागलेली असावी. पहाटे निघायचं, उजेडात पोचायचं, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी काळजी मिटते.

मुलांना घाटात उलट्या होतात. काय करावं?

निघताना पोट गच्च भरू नका आणि अगदी रिकामंही ठेवू नका. तर्री पोह्यांचा मोह नागपुरातच सोडा, ते परत आल्यावर खाता येतील. डॉक्टरांना विचारून गोळी द्यायची असेल तर घाट लागण्याआधी अर्धा तास द्या. गाडी लागायची ठिकाणं तीन, सिल्लेवानी, तामियाच्या पुढे मटकुलीपर्यंतचा उतार आणि मटकुलीहून पचमढीचा घाट. त्या वेळी मोबाइल किंवा पुस्तक पाहू देऊ नका, खिडकी थोडी उघडा, आणि ज्याला त्रास होतो त्याला मधल्या सीटवर बसवून नजर समोर ठेवायला सांगा. आलेपाक किंवा आवळासुपारी जवळ असू द्या.

वाटेत खायचं काय?

सौंसर आणि छिंदवाड्याला नाश्ता-जेवणाची चांगली सोय आहे. छिंदवाड्यानंतर पर्याय कमी होत जातात. म्हणून घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, चिवडा एवढं बांधून घ्या. दशम्या असतील तर फारच छान, दुधात भिजवलेल्या दोन दिवस टिकतात. सांबारवडी घ्यायची तर पहिल्याच थांब्यावर संपवा, नंतर ती मऊ पडते. पाण्याचा मोठा कॅन घ्या, म्हणजे बाटल्या विकत घेऊन फेकायची वेळ येत नाही.

पचमढीत पोहे-जिलेबी, कचोरी, पुरी-भाजी सगळं मिळतं. मिरचीच्या बाबतीत हात आपल्यापेक्षा आखडता असतो, आजी-आजोबांना ते उलट सोसतं.

छोटी हॅचबॅक चालेल का? घाट अवघड आहे का?

चालेल. रस्ता डांबरी आहे, मोठी चारचाकी असलीच पाहिजे असं काही नाही. निघण्याआधी ब्रेक, टायर, वायपर आणि धुक्याचे दिवे तपासून घ्या. उतारावर ब्रेक दाबून धरू नका, ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, हे जुन्या ड्रायव्हर मंडळींचं सांगणं आजही खरं आहे. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या सकाळी धुकं दाट असतं, तेव्हा दिवे लो बीमवरच ठेवा. पेट्रोल-डिझेल छिंदवाड्याला किंवा परासियाला भरून घ्या.

मध्य प्रदेशात जायला परमिट किंवा टॅक्स लागतो का?

खासगी पांढऱ्या पाटीच्या गाडीला लागत नाही. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी जवळ असू द्या. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर परराज्याचा कर आणि परमिट गाडीवाल्याने भरलं आहे ना, हे निघण्याआधी विचारा. सीमेवर थांबून त्यावर चर्चा करण्यात सकाळ वाया जाते.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत सुखाचे. ऑक्टोबरमध्ये सगळं हिरवं असतं आणि धबधब्यांना पाणी असतं. डिसेंबर-जानेवारीत आकाश स्वच्छ असतं, रांगा दूरवर दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ होते आणि मढईला प्राणी दिसायचं प्रमाण वाढतं. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर पोळत असताना पचमढीची संध्याकाळ सुसह्य असते, पण दुपार तिथेही तापतेच, हे लक्षात असू द्या.

१ जुलै ते ३० सप्टेंबर उद्यानाचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो, मढईची सफारी नसते. पचमढी गाव चालू असतं आणि पावसातली पचमढी विलक्षण सुंदर असते. पाऊस फार झाला की काही ठिकाणं बंद ठेवतात, तेव्हा हट्ट धरू नका.

गर्दीचे दिवस वेगळे सांगतो. नागपंचमीच्या आसपास नागद्वारीची यात्रा भरते आणि महाशिवरात्रीला चौरागडची. दोन्ही वेळा विदर्भातून गावंच्या गावं लोटतात. नाताळ ते नववर्ष या आठवड्यात पर्यटकांची झुंबड असते. या तिन्ही वेळी खोली मिळणं कठीण आणि घाटात गाड्यांची रांग. यात्रेला जायचं असेल तर यात्रेकरू म्हणून जा, सहल वेगळ्या वेळी करा.

आजीला महादेवाला न्यायचं आहे. तिला कितपत झेपेल?

हा प्रश्न नागपूर-वर्धा-अमरावतीकडचेच लोक विचारतात, कारण आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी पचमढी हे हिल स्टेशन कधीच नव्हतं. तो महादेव आहे. ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत, खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारी माणसं त्यांनी पाहिलेली असतात, कित्येकांनी स्वतः चढाई केलेली असते. सहलीचा बेत आखताना आजीचा महादेव शेवटच्या दिवसावर ढकलू नका. पहिल्या सकाळी तिथे जा, मग पुढचे सगळे दिवस ती खुशीत असते.

बडा महादेव : गाडी जवळपर्यंत जाते, थोडंच चालायचं आहे, गुहेत छतातून पाणी ठिबकत असतं. फरशी ओली असते म्हणून हात धरा. तिथून थोड्या अंतरावर गुप्त महादेव. ती चीर इतकी अरुंद आहे की माणसाला आडवं होऊन सरकत जावं लागतं. गुडघ्यांचं दुखणं असेल, दम लागत असेल किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर बाहेरूनच नमस्कार करावा.

जटाशंकर : पायऱ्या उतरून घळीत जायचं आहे. उतरणं सोपं असतं, चढताना दम लागतो. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर थांबलं तर सत्तरीतली माणसंही येऊ शकतात. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये प्रचंड शिळा अडकलेल्या आणि आत गारवा. भस्मासुराला वर दिल्यावर त्याच्यापासून बचाव करत शंकर इथे दडले, ही कथा आजीच्याच तोंडून मुलांना ऐकू द्या.

चौरागड : हजाराहून जास्त पायऱ्या आहेत, शिवाय आधीची पायवाट. धडधाकट माणसाला जाऊन-येऊन अर्धा दिवस लागतो. वर नवसाचे त्रिशूळ हजारोंनी रोवलेले आहेत, बोटभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंतचे, नवे चकाकणारे आणि जुने गंजून लाल झालेले. वारा सुटला की त्यांवरच्या घंटा आणि चुनऱ्या हलत राहतात. वयस्कर माणसांना इथे नेऊ नका. घरातल्या धाकट्यांनी जावं आणि आजीच्या नावाने नारळ फोडून यावा.

पचमढीत आपली गाडी सगळीकडे चालते का?

नाही. जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट, महादेव इथे आपल्या गाडीने जाता येतं. धूपगड, बी फॉल, अप्सरा विहार, रजत प्रपात ही ठिकाणं उद्यानाच्या हद्दीत आहेत, तिथे नोंदणीकृत जिप्सी घ्यावी लागते. वन विभागाचा परवाना बायसन लॉजला मिळतो. सकाळी लवकर जा, सुट्टीच्या दिवशी जिप्सी संपतात. जिप्सीचं भाडं, किती ठिकाणं आणि किती वेळ, हे बसण्याआधी स्पष्ट ठरवून घ्या.

काहींना याचा राग येतो. मला हा नियम योग्य वाटतो. धूपगडच्या अरुंद रस्त्यावर रोज शेकडो खासगी गाड्या चढल्या असत्या तर तिथे पाहण्यासारखं फार काही उरलं नसतं, आणि स्थानिक तरुणांना यातून रोजगारही मिळतो.

बायसन लॉज ही १८६२ मधली इमारत आहे, इंग्रज अधिकारी कॅप्टन फोर्सिथच्या काळातली. आता तिथे छोटं संग्रहालय आहे. परवान्यासाठी गेलातच तर मुलांना आत फिरवून आणा.

धबधब्यात मुलांना उतरू द्यावं का?

अप्सरा विहारचा डोह उथळ कडेचा आहे, तिथे मोठ्यांच्या हाताशी धरून पाय भिजवायला हरकत नाही. मधोमध पोहायला जाऊ नये. तिथून थोडं चालत गेलं की रजत प्रपात लांबून दिसतो, शंभर मीटरहून जास्त उंचीवरून कोसळणारी धार. तो फक्त पाहायचा आहे. कठड्यापलीकडे पाय टाकून फोटो काढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका, ओल्या वालुकाश्मावरचं शेवाळ डोळ्यांना दिसत नाही आणि पाय सरकल्यावर धरायला काही नसतं.

बी फॉलला शेकडो पायऱ्या उतरून जावं लागतं. रबरी पकडीचे बूट घाला, चपलांवर जाऊ नका. साबण, शाम्पू, तेल अजिबात नको : हे पाणी पचमढीच्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरलं जातं.

हांडी खोहला पाहण्यासारखं काय आहे? पाच मिनिटांत होतं म्हणतात.

पाच मिनिटांत फोटो होतो. तीनशे फूट सरळ कापलेली ती घळ पाहायला किमान अर्धा तास द्या. सकाळी ऊन एका भिंतीवर असतं आणि दुसरी काळीभोर. तळाशी झाडांचे शेंडे गवतासारखे दिसतात. थोडा वेळ शांत उभं राहिलं तर खालून पाण्याचा आवाज येतो आणि भिंतीवरच्या मधमाश्यांची पोळी दिसू लागतात. म्हणूनच तिथे मोठ्याने ओरडून प्रतिध्वनी ऐकायचा खेळ खेळू देऊ नका, दगड फेकणं तर दूरच.

धूपगडला सूर्यास्त पाहायलाच हवा का?

हो. गर्दी असते, तरीही हो. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा आणि सूर्य बुडाल्याबरोबर पळू नका. जिप्सीवाले घाई करतात, म्हणून परतीची वेळ त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. खरा रंग सूर्य गेल्यानंतरच्या दहा मिनिटांत येतो. वर वारा बोचरा असतो, मुलांना कानटोपी घाला.

मढईची सफारी कशी ठरवायची?

मध्य प्रदेश वन विभागाचं बुकिंग एमपी ऑनलाइनवरून होतं. सगळ्यांची नावं ओळखपत्रावर आहेत तशीच भरा आणि तेच ओळखपत्र सोबत घ्या. सुट्ट्यांच्या तारखा फार लवकर भरतात, त्यामुळे आधी सफारी मिळवा आणि मग हॉटेल. बुधवारी दुपारची फेरी नसते.

पचमढीहून पिपरिया, सोहागपूर करत मढईला यायला अडीच तास लागतात. सफारीची सुरुवातच वेगळी आहे : आधी होडीतून पाणी ओलांडायचं आणि पलीकडे जिप्सीत बसायचं. ते पाणी म्हणजे मटकुलीला पुलावरून पाहिलेली देनवाच, तवा धरणामुळे इथे पसरून तळ्यासारखी झालेली. हिवाळ्यातल्या पहाटे पाण्यावर धुक्याचा थर असतो, होडीचं पुढचं टोकही पुसट दिसतं, आणि पाणपक्ष्यांचे आवाज चारी बाजूंनी येतात. मुलं इथे आपोआप हळू बोलू लागतात.

जीपखेरीज होडीतून आणि गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रात वाटाड्यासोबत पायी फिरण्याची सोय, ही सातपुड्याची खासियत. पायी सफारी मोठ्या मुलांसाठी ठीक, लहानग्यांसाठी नाही. वयाची अट बुकिंग करतानाच विचारून घ्या.

वाघ दिसेल का?

दिसू शकतो. त्यावर सहल बेतू नका आणि मुलांना तसं कबूलही करू नका. इथलं जंगल डोंगराळ आहे, वाघाला दडायला जागा भरपूर.

सातपुड्यात दिसतं ते पेंच-ताडोब्यापेक्षा वेगळं आहे. रानगव्याचा कळप इथे अगदी जवळून पाहायला मिळतो. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, अंग काळं तुकतुकीत आणि चारही पाय गुडघ्यांपासून खाली पांढरट, पायमोजे घातल्यासारखे. गाडी थांबली की तो मान वर करून रोखून पाहतो आणि नाकातून हवा सोडतो, ती फुसफुस ऐकू येते. अस्वलं दिसायची शक्यता इथे चांगली. शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, पाठ्यपुस्तकात पाहिलेला असतो. इथे तो उंच झाडावर शेपूट लोंबकळत ठेवून बसलेला दाखवता येतो. गाभ्यातली कित्येक गावं पुनर्वसित झाल्यावर त्यांच्या शेतजमिनींची कुरणं झाली, त्या कुरणांसाठी कान्हाहून बाराशिंगे आणून सोडले आहेत.

गाइडला पहिल्याच मिनिटाला सांगा : ‘दादा, वाघाच्या मागे पळू नका, जे दिसेल ते नीट दाखवा.’ मग तो झाडावरचे अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवतो, पाऊलखुणा वाचून दाखवतो. मुलांच्या लक्षात राहतं ते हे.

थंडी किती असते? कपडे काय न्यावेत?

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा पाच अंशांच्या खालीही जातो. स्वेटर, कानटोपी, मोजे आणि उघड्या जिप्सीसाठी जाड जाकीट व शाल. सफारीला मातकट किंवा हिरवे रंग घाला.

राहायचं कुठे?

मध्य प्रदेश पर्यटनाची पचमढीत बरीच हॉटेलं आहेत. रॉक एंड मॅनर, ग्लेन व्ह्यू यांसारखे काही जुने बंगले आहेत, उंच छताचे आणि मोठ्या व्हरांड्याचे. बाजारात आणि बस स्टँडजवळ परवडणारी लॉजेस आहेत. आजी-आजोबा असतील तर तळमजल्याची खोली आणि गरम पाण्याच्या वेळा, या दोन गोष्टी फोनवर पक्क्या करा. मढईला नदीकाठी सरकारी बायसन रिसॉर्ट आणि खासगी रिसॉर्ट्स आहेत.

नागपूरचा आणि पचमढीचा जुना संबंध आहे म्हणतात, तो काय?

१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर होती. नागपूरचा उन्हाळा सोसत नसल्यामुळे इंग्रज अधिकारी कारभारासकट पचमढीला हलत. पचमढी ही नागपूर सरकारची उन्हाळी राजधानी होती. गावातले जुने बंगले आणि १८७५ मधलं ख्राइस्ट चर्च त्या काळातलं. पुढे १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. म्हणजे एकेकाळी हा सगळा मुलूख एकाच कारभाराखाली होता. त्याआधीपासून मात्र तिथे गोंड आणि कोरकू राहत आले आहेत. गुहांतल्या भिंतींवर पांढऱ्या-लाल रंगांत काढलेली घोडेस्वारांची, शिकारीची चित्रं आहेत. आजोबांना या विषयाची आवड असेल तर गाइडला शैलचित्रं दाखवायला खास सांगा.

वाटेत पातालकोट करावा का?

तामियाला एक रात्र राहणार असाल तर नक्की. जाता-जाता उरकायचा असेल तर नको. तामियाजवळची ही खोल, घोड्याच्या नालेसारखी दरी, तिच्यात बारा गावं आणि भारिया व गोंड आदिवासींची वस्ती. रातेडच्या बाजूने वरून दृश्य दिसतं. खाली गेलात तर लोकांच्या घरादाराचे, बायाबापड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तिथे मध, चिरोंजी, वनौषधी विकायला असतात. घासाघीस न करता घ्या.

माकडांचा त्रास होतो का?

होतो. हातात खाऊची पिशवी दिसली की लाल तोंडाची माकडं ती ओढून नेतात. खाणं गाडीतच खा, काचा बंद ठेवा आणि त्यांना कौतुकाने केळी देऊ नका. आज आपण खाऊ घालतो आणि उद्या ती दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर जातात.

मोबाइल नेटवर्क, पैसे, दवाखाना?

तामिया ते मटकुली आणि जंगलात नेटवर्क जातं-येतं. नकाशा आधीच डाउनलोड करा. नकाशात किंवा जुन्या पाट्यांवर होशंगाबाद दिसलं तर तेच आताचं नर्मदापुरम. रोख पैसे सोबत ठेवा. रोजची औषधं दोन दिवस जादा घ्या. पचमढीत प्राथमिक उपचार मिळतात, गंभीर काही असेल तर छिंदवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे.

परत कोणत्या रस्त्याने यावं?

पचमढीहून थेट यायचं तर आलात तसेच, तामिया-छिंदवाडा. मढईहून निघणार असाल तर इटारसी-बैतूल-मुलताई-पांढुर्णा मार्गे या. अंतर थोडं जास्त वाटेल, पण बैतूलपासून नागपूरपर्यंत चौपदरी रस्ता आहे आणि थकलेल्या ड्रायव्हरला तो सोपा जातो. मुलताईला तापी नदीचा उगम आहे, गावाच्या मधोमध कुंड आणि देऊळ. महामार्गापासून लांब नाही. मुलांच्या नद्यांच्या यादीत आणखी एक नाव चढतं. संध्याकाळी पाचच्या आत मुलताई सोडा, म्हणजे सावनेरला दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात पोचता आणि रात्रीचं जेवण घरी होतं.